दोष हीटर कोअरचा नव्हता

सुरतेत गाडीचा हीटर लावतो कोण? थंडीत सापुताऱ्याला गेलेला एखादाच. त्यामुळे नंदुरबारच्या फेऱ्या मारणारी एक टॅक्सी आमच्या उधन्याच्या गॅरेजात आली आणि तिचं डावीकडचं मॅट ओलं दिसलं, तेव्हा एसीच्या पाण्याची नळी तुंबली असं धरून मी मोकळा झालो. वास घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं. एसीच्या पाण्याला वास नसतो, हे चिकट आणि गोडसर वासाचं होतं. कुलंट होतं ते.

गाडी परत आल्यावर डॅशबोर्ड खोलून हीटर कोअर, म्हणजे हीटरचा कुलंट फिरणारा भाग, बदलला. काही महिन्यांत तोही गळला. माल डुप्लिकेट म्हणून मी पार्टवाल्याशी भांडलो आणि दुसऱ्या दुकानातून कोअर आणला. त्याचीही तीच गत. शेवटी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटरच बायपास केला. मग रेडिएटर गळू लागला.

तेव्हा कुठे जुना कोअर कापून पाहिला. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांना आतून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावायला सांगितलं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं, काळी वायर बॅटरीच्या मायनसला लावली आणि लाल टोक धातूला न टेकवता कुलंटमध्ये धरलं. सगळं बंद असताना आकडा ०.१ व्होल्टच्या आत होता. सेल्फ मारताच तो ०.३च्या बराच वर उसळला. बंद गाडीतही आकडा मोठा आला असता तर दोष जुन्या, खराब कुलंटचा. सेल्फवर उसळतो म्हणजे अर्थिंग कच्चं.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. बॉडीशी त्याला अर्थिंगची पट्टी जोडते. ती नीट धरत नसेल तर सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत फिरतो, कुलंटमधूनही, आणि ॲल्युमिनियम खातो. पट्टी वरून चांगली दिसत होती. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर. क्लचच्या कामाला गिअरबॉक्स मीच उतरवला होता आणि बसवताना पट्टी रंगावरच कसली होती. त्यात कुलंट कमी झालं की आम्ही बोअरचं खारट पाणी ओतायचो. क्षारांमुळे करंटची वाट आणखी सोपी झाली.

रंग खरवडून धातू उघडा केला, नवी पट्टी लावली, जुनं पाणी धुऊन काढलं आणि कुलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. सेल्फ मारून पाहिला, आकडा ०.१च्या खाली राहिला.

पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन माफी मागितली; त्याचा माल चोख होता. टॅक्सीवाल्याला कोअरचे आणि रेडिएटरचे पैसे परत दिले. त्याच्या बुडालेल्या फेऱ्या मात्र भरून देता आल्या नाहीत, याची बोचणी आहे. आता कुलंट गळतं म्हणून एखादी गाडी पुन्हा आली, तर डॅशबोर्डच्या स्क्रूला हात लावण्याआधी मी मीटर लावतो. तुमच्या मेकॅनिकलाही तेवढं आवर्जून करायला सांगा.