जुनी दोरी तुटण्याआधी

जयंतीची वर्गणी जमते तेव्हा मंडप, भोजनदान, बँड अशा सगळ्यांचा हिशेब होतो. ध्वजाचे कापड विटले असेल तर नवे येते. स्तंभाला रंगही लागतो. परंतु ज्या दोरीवर तो ध्वज चढतो, तिचा खर्च वहीत शोधूनही सापडत नाही. पेशाने कारकून असल्यामुळे आमच्या विहाराच्या वह्या माझ्याकडे असतात, म्हणून हे खात्रीने सांगतो.

विहारापुढचा पंचशील ध्वज ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबो येथे प्रथम उभारला गेला. पुढे कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार नेहमीच्या ध्वजासारखा सोयीचा करण्यात आला. १९५० साली श्रीलंकेतच भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेत तो साऱ्या जगातील बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला गेला. त्या परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उपस्थित होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात हे पाचही रंग एकत्र. असा हा ध्वज जयंतीच्या सकाळी अर्ध्यावर अडकला, तर पाहणाऱ्याला दुखवटाच वाटेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या कारंजा (घाडगे) येथे १४ एप्रिलच्या तोंडावर असाच प्रसंग आला. दोरीचे पीळ सुटून ती एका जागी सुतळीएवढी बारीक झाली होती. एक पोरगा शर्ट काढून खांबावर चढायला निघाला. खांब लोखंडी, आणि जवळूनच विजेची तार गेलेली! शिडी आणावी की खांबच आडवा करावा, यावर आम्हा पुरुषांचा वाद चालला होता. तेवढ्यात झाडझूड करणारी एक वयस्क बाई म्हणाली, "अरे बाबू, वर कायले चढतं? परकराची नाडी कशी बदलवतेत? जुनीले नवी बांधाची अन् ओढाची!"

सगळे हसले, पण अर्ध्या तासात काम झाले ते तिच्याच युक्तीने. एकही माणूस जमिनीवरून वर चढला नाही.

कृती अगदी सोपी आहे. खांब वीस फुटांचा असेल तर दोरी वर जाऊन खाली येते, म्हणजे चाळीस फूट. गाठीसाठी पाच फूट जास्त घ्यावी. खालची गाठ सोडून जुन्या दोरीच्या एका टोकाला नव्या दोरीचे टोक लावावे. मोठी गाठ मारू नये, ती वर कप्पीत अडकते. दोन्ही टोके समोरासमोर ठेवून जाड दोऱ्याने शिवावीत आणि वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. मग एकाने जुनी दोरी हळूहळू ओढावी आणि दुसऱ्याने नवी सोडत जावी. टोक हातातून निसटू देऊ नये. सुती दोरी पावसात फुगते, आखडते आणि कुजते. नायलॉनची दोरी कुजत नाही, पण आपल्या विदर्भाच्या उन्हाने तीही कमजोर होते. तिची टोके आगीवर किंचित वितळवली म्हणजे पीळ सुटत नाहीत. दोरी बदलल्यावर ती मोकळी फिरते की नाही हे पाहावे. कप्पीचे चाक जाम असेल तर नवी दोरीही घासून जाते.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी दोरी जागेवर आहे तोवरच ही युक्ती चालते. ती तुटून खाली पडली की मग कुणाला तरी वर चढावे लागते, नाहीतर खांब उतरवावा लागतो. म्हणून वर्षावास सुरू होतो त्या आषाढ पौर्णिमेला आणि संपतो त्या आश्विन पौर्णिमेला दोरी हाताने चाचपून पाहावी. दोन-अडीचशे रुपयांचे काम आहे.

हे लिहिताना मनात आणखी एक विचार येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. नागपूर रस्त्यावरच्या आपल्या कारंजा तालुक्यात असे म्हातारे आहेत, ज्यांचे आईवडील त्या दिवशी कसे निघाले, सोबत काय शिदोरी होती, परत आल्यावर घरातून कोणते देव बाहेर गेले, हे ते सांगू शकतात. आपल्या किती मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून हे ऐकले आहे? ही माणसे आहेत तोवरच नव्या पिढीचे टोक त्यांना जोडून घेता येईल. नंतर पुतळे मोठे करता येतील, पण आजीच्या तोंडची हकिकत कुठून आणणार?

राहता राहिली ती झाडझूड करणारी बाई. तेव्हा समितीत एकही महिला नव्हती. आज दोघी आहेत, आणि दोरी तपासण्याचे काम त्यांच्याकडेच आहे. वहीत 'ध्वज-दोरी' असा वेगळा रकानाही पडला आहे. वाचक बंधू-भगिनींनो, या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपल्या विहाराची दोरी एकदा हातात घेऊन पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!