वाशीचा पेंढा, पनवेलची खाचरं

फज्रची नमाज आटोपून आम्ही वाशीच्या फळबाजारात पोहोचलो, तेव्हा आंब्याच्या पेट्या उतरत होत्या. सगळे हापूसचा भाव विचारत होते. आम्ही विचारत होतो पेंढ्याचा. हमालांना हसू आवरेना. "आंबा नको, पेंढा पायजे? घेऊन जा, चाचा!" चार पोती भरली, तीही फुकट.

देवगड-रत्नागिरीचा आंबा भाताच्या पेंढ्यात बसून इथे येतो. आंबा घरोघरी जातो आणि पेंढा कचऱ्यात. आम्हाला मात्र तो हवा होता मातीसाठी.

आम्ही तळोज्यात राहतो, इमारतीच्या गच्चीवर बारा कुंड्या आहेत. गेल्या वर्षी रोपवाटिकेतून लाल मातीची पोती आणली, पैसे मोजून. दोन महिने टोमॅटो बरे होते, मग मातीची वीट झाली. पाणी वरून घातलं की कडेने निघून जाई. दादीने बोटाने टोकरून पाहिलं. "जीव नाय हिच्यात," म्हणाली. तिच्या लग्नाच्या वेळी या भागात सगळी खाचरंच होती. 1970 साली सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं, आणि आज तिचीच नातवंडं माती पोत्याने विकत आणतात. हे तिला अजून खरं वाटत नाही.

वाशीहून परतताना मामूंकडे पनवेलला थांबलो. जेवण झाल्यावर ते आम्हाला खाडीकडे घेऊन गेले. खारजमीन म्हणजे काय, हे आमच्या मुलांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध, बांधात उघाडी. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार बंद. पावसाळ्यात गोडं पाणी खाचरात साठतं, मीठ विरघळवून खाली आणि बाहेर नेतं, तेव्हा कुठे भात लागतो. म्हणून पीक एकच, पावसाळ्यातलं. बांध एकदा फुटला की समुद्र आत येतो आणि पुन्हा मीठ धुवायला पावसाळे जातात. काळा राता, भुरा राता हे भात इथले, खारं सोसणारे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-1, 2, 3 असे वाण काढले. मामू म्हणाले, "ही जमीन कुणी बनवून दिली नाय. बापजाद्यांनी दरसाल बनवली." एरवी मामूंच्या गप्पांत अर्धं मीठ असतं, पण ही गोष्ट खरी.

आता आमच्या फजितीची कहाणी. रमजानमध्ये इफ्तारनंतर कलिंगडाच्या, खरबुजाच्या साली ढिगाने निघतात. उत्साहाने आम्ही सगळ्या पिंपात टाकल्या. आठ दिवसांत वास सुटला, चिलटं आली आणि सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः गच्चीवर आले. ईदपर्यंत पिंप हटवायचं ठरलं. चूक साधी होती: ओलं सगळं, सुकं काहीच नाही. पाण्याने ढीग गच्च बसला, हवा बंद झाली आणि तो कुजण्याऐवजी सडला.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक आणि प्रयोग परिवाराचे संस्थापक, यांनी शहरातल्या लोकांनाही पालापाचोळ्यातून माती बनवायला लावली. त्यांची वाट धरून मुंबईत गच्च्यांवर उसाची चिपाडं वापरतात. आम्हाला पेंढा मिळाला. तो कापून वीतभर केला. अखंड टाकला तर वर्षभर तसाच राहतो. एक घमेलं ओलं, तीन घमेली सुकं, मधूनमधून शेणाचा काला. हाडं, मटण मुळीच नाही, नाहीतर उंदीर हजर. मूठ दाबली की पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा. पिंपाला तळाशी भोकं, खाली विटा, त्याखाली परात. स्लॅब ओला होता कामा नये, या अटीवर सेक्रेटरींनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली आहे. वजूचं पाणी बादलीत धरून तेच शिंपडतो.

तिसऱ्या दिवशी हात घातला तर आत ऊब होती. मुलं रांगेने हात घालून गेली. दीड महिन्याने पेंढा काळा, ठिसूळ झाला, साली दिसेनाशा झाल्या. काल दादीला खुर्चीत बसवून वर आणलं. तिने चिमूट घेतली, चोळली, नाकाशी नेली आणि परत पिंपात टाकली.

"अजून कच्ची हाय," म्हणाली. "मिरगाचा पाऊस लागू द्या तिला. आणि झाकण नीट लावा, मांजर बसतंय त्यावर."