शिवाजीनगरातला 'सूक'

बंगळूरमध्ये शिवाजीनगरची पाटी पाहून आई खूश झाली. "अगं, हे तर आपलंच!" आम्ही निघालो होतो तिथल्या रसेल मार्केटात, खजूर घ्यायला. १९२७ साली बांधलेल्या या कमानीदार बाजाराला २०१२ मध्ये आग लागली होती, पण गजबज काही हटली नाही.

अरब देशांतल्या 'सूक'ची, म्हणजे जुन्या बाजाराची चव घ्यायची तर इथे रमजानमध्ये जावं. मदिनेचा काळा अजवा, गुबगुबीत मेदजूल, लोण्यासारखा मऊ इराणी किमिया! दुकानदार आधी हातावर एक खजूर ठेवतो, भाव नंतर सांगतो.

आईने सरळ निम्म्या भावाने मागितला. तो हसला, थोडा उतरला. ती अडून बसली. बऱ्याच घासाघिशीनंतर त्याने मान डोलावली, तर बाईसाहेब म्हणतात, "राहू द्या, पुढे बघतो." त्याचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घासाघीस कितीही करा. पण आपण बोललेला भाव त्याने कबूल केला की माल घ्यायचा, हा सूकचा रिवाज. मी तिच्या कानाशी पुटपुटले. चार पावलं गेलेली आई परतली आणि किलोभर अजवा तोलून घेतला. त्याने वर मूठभर घातला.

वाटेत तिला सांगितलं, किंमत, वजन, नफा, हिशेब हे आपले शब्द मूळचे अरबीच.

"तरीच," आई म्हणाली, "त्याला माझं हिंदी कळलं!"