लाखोरीचं कुटार

होळी झाली की झाडीपट्टीत बकऱ्यांचे दिवस फिरतात. धानाच्या बांध्या केव्हाच उघड्या पडलेल्या असतात, बोडीत चिखल उरतो, बांधावरचं गवत पायाखाली कुरकुरतं. पुढे मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो. दिवसभर चरून आलेल्या बकरीची कूस संध्याकाळी खोलच दिसते.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं. माय बकरीला शेरी म्हणायची. झाडीबोलीत ळचा र होतो, त्यामुळे शेळीची शेरी आणि लाखोळी डाळीची लाखोरी. कार्तिकात धान उभं असतानाच ओल्या बांधीत माय लाखोरीचं बी फेकायची. नांगर नाही, पाणी नाही. धान कापलं की खालून निळ्या फुलांची हिरवळ वर यायची. शिवरात्रीनंतर मळणी होई. डाळ आमची आणि कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, शेऱ्यांचं. पावसाचा थेंब लागू नये म्हणून ते कुटार माय ओसरीच्या माळ्यावर दाबून भरायची.

दिवेलागणीला ती बांबूची डाली घेऊन बसे. कुटारात वाळलेली मोहफुलं मिसळायची आणि वाटणी करायची. गाभणीला दोन ओंजळी, दुभतीला दोन, पाठीला एक, बोकडाला उरलं तर. मला हा कंजूषपणा वाटे.

मी सातवीत असताना माय दोन दिवस मामाकडे गेली होती. आमची काळी शेरी गाभण होती, व्यायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. तिची कूस बघवेना, म्हणून मी कनकीचं, म्हणजे तांदळाच्या चुरीचं, टोपलंच तिच्यापुढे ठेवलं. तिने सगळं संपवलं. रात्रभर ती दात खात कण्हत राहिली. सकाळी पोट ढोलासारखं तट्ट फुगलं होतं आणि ती गेली होती. पोटात दोन पिलं होती. माय आल्यावर मला रागावली नाही. तिने डाली धुतली, उन्हात ठेवली आणि संध्याकाळी वाटणी करताना मला शेजारी बसवलं.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं असं मी मानतो. पुढे पशुधन पर्यवेक्षक होऊन गडचिरोली जिल्ह्यात नोकरी केली, तेव्हा त्या रात्रीचं कारण कळलं. बकरीच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवून तिला पोसतात. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं आणि ते सूक्ष्मजीवच मरतात. उलट नुसत्या वाळक्या गवतावर तेच उपाशी राहतात. चाऱ्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावर खायचंच कमी करतं, समोर ढीग असला तरी. बकरी दीडशे दिवस गाभण असते, आणि पिलाची खरी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तो दीड महिना उन्हाळ्यात आला की पिलू जगणार की नाही, हे संध्याकाळच्या त्या दोन ओंजळींवर ठरतं. वाळल्या मोहफुलात अर्ध्याहून जास्त साखर असते, लाखोरीच्या कुटारात पाल्याची प्रथिनं. मायची डाली म्हणजे पुरा खुराक होता, आणि तो मापात होता.

धानोरा, एटापल्लीकडे बाया बाभळीच्या शेंगा, उंबर-पिंपळाचे ढाळे देतात. बाभळीची शेंग खाल्लेल्या बकऱ्यांच्या गोठ्यातून झाडून घेतलेलं बी जास्त चांगलं उगवतं, हे वनखात्यालाही ठाऊक आहे. पण ढाळे तोडायला रानाच्या कडेला जावं लागतं, आणि ब्रह्मपुरी, सावली, मूल, सिंदेवाही या पट्ट्यात आज त्या कडेला वाघ असतो. पहाटे मोह वेचायला वाकलेली बाई वाघाच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. माळ्यावर कुटार असेल तर एप्रिल-मेमधल्या ढाळ्यांसाठीच्या किती फेऱ्या वाचतील! मला या वाचणाऱ्या फेऱ्यांचंच सगळ्यात जास्त मोल वाटतं.

लाखोरी मात्र मागे पडली. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली की माणसाचे पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. तोवर आमच्या गावातलं बी संपत आलं होतं, राखण मोडली होती. धान कापलं की मोकाट गुरं सुटतात, आणि एकट्याची हिरवी बांधी दोन रात्रींत साफ होते. आता प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण आहेत. तरीही जनावराला नुसत्या लाखोरीवर ठेवू नये, तणस आणि पाल्यासोबत द्यावी.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो. माय नाही. डाली आहे, तळाला बांबूची नवी वीण घातलेली. गेल्या कार्तिकात एका बांधीत लाखोरी टाकली, शेजारच्या तिघांनीही टाकली, आणि चौघांनी आळीपाळीने राखण केली. शिवरात्रीनंतर चार घरांचे माळे भरले.

यंदा दिवाळीआधी गावकीत बसा आणि आधी राखणीचं ठरवा. बी माझ्याकडे चार पायल्या आहे, मागायला या.