पडवीतला फासा

शेंडी गावात ‘जनरेटर’ म्हटलं, की कुणीही हॉटेलामागच्या डिझेलच्या यंत्राकडे बोट दाखवेल. वीज गेली की ते धडधडू लागतं आणि त्याचा आवाज भंडारदरा धरणाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला जातो. मला ज्याच्याविषयी सांगायचंय तोही जनरेटरच. पण त्याला तेल लागत नाही आणि तो आवाजही करत नाही. फोनमधल्या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपात तो राहतो आणि मागेल त्याला नवा पासवर्ड घडवून देतो. त्याच्या बटणावर पुष्कळदा फाशाचं चित्र असतं, म्हणून मी त्याला फासा म्हणतो.

फासा कुणाच्याच नात्यातला नाही. त्याला गाव नाही, जन्मतारीख नाही, कुलदैवत नाही, लेकराचं लाडकं नाव नाही. आपण पासवर्ड ठरवायला बसलो की नेमकं हेच सगळं हाताशी येतं. नाव लिहायचं, पहिलं अक्षर मोठं करायचं, पुढे ‘ॲट’चं चिन्ह, पुढे एक-दोन-तीन. हे आपल्यालाच सुचलं असं वाटतं. पण शेजारच्या घरातही तेच सुचलेलं असतं आणि सोलापुरातल्या एखाद्या घरातही.

भंडारदऱ्याला मे संपत आला की पावसाच्या तोंडावर काजवे येतात. हिरड्याचं, सादड्याचं एखादं झाड अख्खंच्या अख्खं एकदम उजळतं, एकदम विझतं. हजारो जीव, पण ठेका एकच. तो बघायला लांबून माणसं येतात, आणि बघण्यासारखा असतोच तो. पासवर्ड ठरवताना आपण माणसंही अशीच एका ठेक्यात लुकलुकतो, आणि चोराला तेवढा ठेका कळला तरी पुरतं. फाशाला ठेका नाही. फोनच्या आत सतत बारीक खळबळ चालू असते: बोट नेमकं कोणत्या क्षणी टेकलं, चिपमधली वीज कुठे किंचित थरथरली. फोनची यंत्रणा ही खळबळ गोळा करून घुसळत राहते. फासा त्यातून ओंजळ भरतो आणि अक्षरं काढतो. एक अक्षर पडलं म्हणून पुढचं काय पडेल, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

त्याच्या वागण्यातली एक गोष्ट मला फार आवडते. सांगितलं तर तो फसवी अक्षरं टाळतो. इंग्रजीतला लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा, किंवा ओ आणि शून्य, कागदावर उतरवताना हमखास घोटाळा करतात. तेवढी वगळून उरलेल्यांतून तो निवड करतो. कुणीतरी हे पेनानं लिहून घेणार आहे, वाचताना अडखळणार आहे, हे त्याला घडवणाऱ्यानं आधीच मनात धरलेलं असतं.

त्याचे पूर्वजही साधेच. १९९५ साली आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी एक पद्धत मांडली: पाच खरे फासे टाकायचे, आलेला पाच आकडी अंक यादीत शोधायचा, त्यासमोरचा शब्द घ्यायचा. सहाचा पाचवा घात ७७७६, म्हणून यादीत शब्द ७७७६. असे सहा शब्द ओळीनं ठेवले की झाला पासवर्ड. लक्षात ठेवायला सोपा, आणि अंदाजानं सापडणं जवळजवळ अशक्य. यादी जगजाहीर असली तरी काही बिघडत नाही, कारण गुपित शब्दांत नसतं, फासे कसे पडले त्यात असतं.

उलट ज्या नियमांनी आपल्याला ‘ॲट एक-दोन-तीन’ शिकवलं, ते २००३ साली अमेरिकेतल्या बिल बर यांनी सरकारी मार्गदर्शिकेत लिहिले होते: मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठरावीक दिवसांनी बदल हवा. २०१७ साली ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेनंच ते बहुतांशी मागे घेतले आणि बर यांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केला. तोवर तो ठेका जगभर भिनला होता. आपल्याकडचे कितीतरी अर्ज आजही तोच मागतात.

आता फाशाच्या बिऱ्हाडाविषयी. माझी तक्रार आहे ती इथे.

मी वापरतो त्या ॲपात त्याला सर्वांत आतल्या खोलीत ठेवलंय. आधी तिजोरीचं कुलूप काढा, मग ‘नवी नोंद’ उघडा, नाव भरा, आणि मग पासवर्डाच्या रकान्याशेजारी तो दिसतो. काही ॲपांत त्याला वेगळं पान दिलेलं असतं, पण तिथे पोचायलाही आधी तिजोरी उघडावी लागते. एकट्यापुरतं बघितलं तर यात काही वावगं नाही. मलाही कित्येक वर्षं यात काही खटकलं नव्हतं.

२०२५च्या जूनमध्ये मी शेंडीत एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता. घरातली मुलगी दहावी झाली होती, आणि त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले होते. तोवर ते मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरतेच होते. आता भंडारदऱ्याच्या पोरीलाही स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड. अर्ज तिनं तालुक्यातल्या एका दुकानातून भरून घेतला होता. दुकानात एक लांबडी वही होती. त्यात नाव, मोबाइल नंबर आणि पासवर्ड, आणि पासवर्ड सगळ्या पोरांचे एकाच साच्यातले. मुलीनं ते स्वतः पाहिलं होतं.

“काका, म्हणजे माझ्या कॉलेजांचा पसंतीक्रम कुणीपण बदलू शकतं ना?”

बदलू शकतं. मी खोटं कशाला बोलू? दुकानदाराच्या मनात काही नसेलही. रोज शंभर पोरांचे अर्ज भरणाऱ्यानं आणखी काय करावं? पण वही ती वहीच. संगणकाला पासवर्ड लावण्याची रीत १९६१च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या यंत्रावर सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या ॲलन शेर या संशोधकानं सगळ्या पासवर्डांची यादी छापून घेतली. त्याला फक्त यंत्रावर जास्त वेळ काम करायचं होतं. सगळे पासवर्ड एका जागी लिहिलेले असले की हे होणारच.

“तुमच्या फोनमध्ये पासवर्ड बनवायचं असतंय ना?” तिनं विचारलं. तिच्या आईचा फोन जुना, जागा भरलेली, नवं ॲप घ्यायला रेंज नाही. पासवर्ड बनवून देणाऱ्या वेबसाइटी असतात, पण त्यांनाही रेंज हवीच. शिवाय अनोळखी पानानं दिलेला पासवर्ड त्या पानानं ठेवूनही घेतला नसेल कशावरून? माझ्या फोनमधल्या फाशाला मात्र रेंज लागत नाही. धरणाच्या पोटात, घाटघरच्या धुक्यात, कुठेही तो चालतो. मी खुशीत फोन काढला, बोट टेकवलं. तिजोरी उघडली.

आणि पडद्यावर माझं सगळं घर उभं राहिलं. बँक, विमा, आयकर, दवाखान्याचं खातं, नावांची ही एवढी यादी. मुलगी शेजारीच बसली होती. तिनं चटकन मान वळवली आणि चुलीकडे बघू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याची पेटी उघडी असताना तिच्यात बघायचं नाही, एवढं त्या घरात मुरलेलं होतं.

ती वळलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

डोंगरातल्या जुन्या घरांना पडवी असते. उखळ तिथे असतं. शेजारीण भात घेऊन येते, कांडते, तांदूळ सुपात भरते, निघून जाते. तिला माजघरात यावं लागत नाही, धान्याच्या कणगी बघाव्या लागत नाहीत आणि घरच्यांनाही काही झाकावं लागत नाही. उखळ तिचा एक दाणाही ठेवून घेत नाही. आता त्याच घरानं उखळ उचलून माजघरात, ट्रंकेच्या शेजारी मांडलं तर काय होईल? शेजारीण दारात घुटमळेल, आणि दोनदा घुटमळली की तिसऱ्यांदा येणारच नाही. आपल्या फाशाचं आज नेमकं हेच झालंय.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांकडे मी एकच मागणी केली आहे: फाशाला पडवीत आणा. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की छोटी यादी उघडते, तिच्यात त्याला एक ओळ द्या. ती दाबली की फासा दिसावा, तिजोरी बंदच राहावी. यात अवघड काही नाही. कुलपाची किल्ली आणि फासा टाकणं यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. अक्षरं निवडायला फाशाला तिजोरीतलं काहीही माहीत असावं लागत नाही. दोघांना एकाच खोलीत कोंडलंय ते केवळ मांडणीनं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नोंदीच्या आत पासवर्ड बनवला की तो तिथेच जपला जातो, आणि फासा बाहेर आला तर लोक पासवर्ड बनवतील, कुठेतरी वापरतील, जपायचं विसरतील आणि खात्याबाहेर अडकतील. असं होतं. माझ्याही बाबतीत झालंय. म्हणून आतला फासा आतच राहू द्या, स्वतःच्या खात्यांसाठी तोच बरा. पण जो पासवर्ड माझा नाहीच, तो माझ्या तिजोरीत राहणं हेच चूक आहे. त्या मुलीचा पासवर्ड माझ्याकडे जपून राहिला तर मी आणि तो वहीवाला यांत फरक काय? दुसऱ्यासाठी टाकलेला फासा विसरला पाहिजे. पासवर्ड पडद्यावर ठळक अक्षरांत दिसावा, समोरच्यानं कागदावर उतरवून घ्यावा, आणि पान मिटलं की पुसला जावा. ॲपनं आपण होऊन तो कॉपीही करू नये, नाहीतर फोनच्या कोपऱ्यात त्याची प्रत मागे राहते.

आणि कागदाला कुणी नावं ठेवू नयेत. शेंडीतल्या घरात ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या कागदापर्यंत परदेशात बसलेला कुणी चोर पोचत नाही. तिथे पोचणारी माणसं घरातलीच असतात.

मुलीनं आणखी एक विचारलं होतं: “मराठीत नाही का देत तो?” देऊ शकेल, कुणी यादी केली तर. नागली, वरई, कारवी, मोहट्या, मुसळ, इरलं असे ७७७६ शब्द काढायला कितीसा वेळ लागणार? या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन बसलं तर निम्मी यादी त्याच सांगतील. फक्त ते लिहावे लागतील रोमन अक्षरांत. पुष्कळ ठिकाणी पासवर्डात देवनागरी चालत नाही, आणि चालली तरी एक पेच आहे. ‘दऱ्या’ हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. पासवर्ड एका फोनवर ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून टाकला, तर बरोबर असूनही चूक ठरेल. भंडारदऱ्याच्या मुलीला ‘दऱ्या’ शब्दानं दाराबाहेर उभं करावं, हे मला सहन होत नाही. पण सोय होईपर्यंत रोमनला इलाज नाही.

त्या संध्याकाळी मी तिजोरी मिटली आणि फोन बाजूला ठेवला. माझ्या फाशानं काढलेला पासवर्ड माझ्या डोळ्यांखालूनच जाणार होता, आणि ते मला नको होतं. फळीवर धाकट्या भावाचा लुडो होता. मी म्हटलं, वही आण.

तिनं सहा आडव्या, सहा उभ्या अशा चौकटी आखल्या. छत्तीस घरं. इंग्रजी अक्षरं सव्वीस, आकडे दहा, बेरीज बरोबर छत्तीस. एकही घर रिकामं राहिलं नाही, एकही अक्षर उरलं नाही. “अगं बाई!” तिची आई म्हणाली. फासा दोनदा टाकायचा. पहिल्यांदा पडेल ती आडवी ओळ, दुसऱ्यांदा पडेल ती उभी, आणि जिथे मिळतील ते अक्षर. बारा अक्षरांना चोवीस वेळा. अशा बारा अक्षरांच्या जोडण्या किती होतात, ते मी तिला मांडून दाखवलं: सुमारे ४७ परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. शाळेत परार्ध शब्द ऐकला होता, त्याचं काही काम असतं हे तिला आज कळलं. नियमासाठी एखादं अक्षर मोठं करायचं आणि शेवटी एक चिन्ह लावायचं, तेवढं तिनंच ठरवायचं होतं.

सकाळी धरणाच्या भिंतीकडे गेलं की रेंज सापडते. तिथे जाऊन ती पासवर्ड बदलणार होती.

“काका, आता तुम्ही तिकडं बघा.”

मी पडवीच्या कडेला पाण्याकडे तोंड करून बसलो. धरणावर पाऊस उतरला होता, पलीकडचा रतनगड दिसत नव्हता. मागे सारवलेल्या जमिनीवर फासा पडत होता. तिचं पेन थांबायचं, ती चौकटीत बोट फिरवायची, लिहायची, पुन्हा फासा. मी मनात मोजत होतो. तेविसाव्या वेळी तो घरंगळत पायरीखाली, माझ्या पायाशी आला. मी खाली बघितलं नाही. तिनं वाकून तो उचलला आणि, खाली पडलेला धरायचा नाही म्हणून, पुन्हा टाकला.