न विझलेला दिवा

प्रत्येक घराच्या माळ्यावर अशी एखादी वस्तू असते, की जिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही. ती मोडलेली नसते, निरुपयोगीही नसते. पण ती खाली काढली तर तिच्याबरोबर एखादी जुनी गोष्टही खाली येईल, या धास्तीने ती तिथेच राहते. आमच्या घरी माळ्यावर, जुन्या पितळी घंगाळाच्या मागे, पोत्यात गुंडाळलेला एक लहानसा विजेचा ओव्हन होता. तो तिथे चौदा वर्षे होता. रामाचा वनवासही तेवढाच; आणि योगायोग असा, की आमचा ओव्हनही परतला तो दिवाळीतच.

आमचे घर पांढुर्ण्याचे. या कॉलेजात आल्यापासून ‘पांढुर्णा कुठे आहे?’ या प्रश्नाला मी इतक्यांदा उत्तर दिले आहे, की आता ते पाठच झाले आहे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, शंभरएक किलोमीटरवर आमचे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली. पण घरातली मराठी काही गेली नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. गावाबाहेर संत्र्यांच्या बागा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार, या दोन गोष्टींमुळे बाहेरचे लोक आम्हांला ओळखतात. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, असे आमचे चालते. इथे मासिकाचे एक अंग मराठी व दुसरे कन्नड पाहिले, तेव्हा मला मुळीच परके वाटले नाही.

आईचे माहेर सौंसरचे. तिच्या लहानपणी दिवाळीची नानखटाई घरी होत नसे, ती भट्टीवर होई. घरून मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप आणि वेलदोडे घेऊन आजोळच्या बायका बेकरीच्या भट्टीवर जात. सोबत पत्र्याचा रिकामा डबा असे. तिथेच पीठ मळायचे, गोळे करायचे, पत्र्यावर मांडायचे आणि नंबर लागेपर्यंत गप्पा मारीत बसायचे. भट्टी विटांची. आत लाकडे पेटवून ती आधी चांगली तापवीत, मग निखारे बाजूला सारीत. विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर आधी पाव निघत आणि जरा निवाली की बिस्किटे. भट्टीवाला आत कागदाचा कपटा टाकून बघे. तो किती वेळात तांबूस होतो, यावरून त्याला भट्टीचा ताव कळे. आई हे सारे अजून असे सांगते, की ऐकणाऱ्याच्या नाकाला वेलदोड्याचा वास यावा. सौंसरवरून जाणारी ती नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली आणि पुढे त्याच मार्गावर रुंद रूळ आले. पण आईच्या आठवणीतल्या भट्टीपर्यंत जायला तिला अजून ती छोटीच गाडी लागते.

अशी ही माझी आई लग्न होऊन पांढुर्ण्याला आली. २०१० च्या दिवाळीत मामाने तिला भाऊबिजेची ओवाळणी आधीच, म्हणजे वसुबारसेलाच, नागपूरहून आणून दिली. तोच हा ओव्हन. काचेच्या दाराची चौकोनी पेटी, वर-खाली दोन कांड्या, आकडे लिहिलेले एक बटण आणि एक तांबडा दिवा. मागच्या पट्टीवर लिहिले होते : २३० व्होल्ट, १२०० वॅट. मामाने समजावून सांगितले, “बटण १८० वर ठेवायचं. दिवा लागेल. आतली हवा तेवढी तापली की दिवा आपोआप विझेल. तो विझला, की मग ताट आत ठेवायचं.”

धनत्रयोदशीच्या सायंकाळी आईने भट्टीवरच्याच मापाने पीठ मळले : दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तूप, चिमूटभर खायचा सोडा. घरात आत्या आलेल्या, शेजारच्या दोन काकू बसलेल्या. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला पाटावर बसवून आईने काम दिले, “दिवा विझला की मला सांग हं.” एवढी मोठी जबाबदारी मला त्यापूर्वी कुणी दिली नव्हती. मी डोळे ताणून त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहत बसलो आणि पाहता पाहता झोपी गेलो.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. “किती वेळ बसाचं व सूनबाई?” हा आजीचा आवाज. ताट आत गेल्याचा खणखणाट. आणि मग ओव्हनचे दार उघडल्यावरची शांतता. नानखटाईचे गोळे फुगलेच नव्हते. तूप सुटून ते पसरले होते आणि एकमेकांना चिकटून ताटभर एकच पांढरट थर झाला होता. आजीने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “काहून व, हे नानखटाई हाय का धिरडं?” काकू हसल्या. आजीने पुढे आणखी एक वाक्य टाकले, “हाताले चव लागते, बाई. पेटी आणून का होते?”

वाचकहो, आजी माझी दुष्ट नाही. तिने ते सहज म्हटले. पण सहज म्हटलेलेच अधिक खोल जाते. “धिरड्याची नानखटाई” हा आमच्या घरातला विनोद होऊन बसला. कुठल्याही लग्नात नानखटाई वाढली, की कुणीतरी आईकडे बघून हसे. आईही हसे. देवदिवाळीच्या आत ओव्हन माळ्यावर गेला. ज्या बाईने मुलगी म्हणून भट्टीवर शेकड्यांनी नानखटाया केल्या होत्या, तिने पुन्हा नानखटाईचे नाव काढले नाही. आणि मी? दिवा विझला तेव्हा मी झोपलो होतो, म्हणूनच सारे बिघडले, असे मला कित्येक वर्षे वाटत राहिले. हे मी कुणाला सांगितले नव्हते. आज प्रथमच लिहितो आहे.

मग शाळा झाली आणि मी इतक्या दूर या कॉलेजात शास्त्रशाखेला आलो. बारावीपर्यंतचे माझे शिक्षण हिंदीतून झालेले, इथे सारे इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत मला भौतिकशास्त्रात पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. आपल्या डोक्यातच काही नाही, ही माझी खात्री झाली. ट्रंक भरायलाही घेतली होती. माझ्या खोलीतला मित्र (तो कन्नड विभागात कविता लिहितो) ट्रंकेवर बसून राहिला, म्हणून मी राहिलो.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत ज्यूलच्या नियमाचा प्रयोग होता. तारेतून वीज गेली की किती उष्णता होते, हे जेम्स ज्यूलने १८४०-४१ च्या सुमारास मोजून दाखवले. आम्ही डिमरस्टॅटने विजेचा दाब कमी-जास्त करून पाणी किती तापते ते मोजीत होतो. दाब थोडासाच उतरवला, तरी पाणी तापायला भलताच वेळ लागू लागला. सर म्हणाले, “दाब निम्मा केलात तर उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते. दाबाचा वर्ग घ्यायचा असतो.” मी वहीत लिहीत होतो आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. माझ्यासमोर एक तांबडा दिवा उभा राहिला.

त्या रात्री मी घरी फोन केला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, “आई, त्या दिवाळीला ओव्हनचा दिवा विझला होता का गं?”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. ‘कोणत्या दिवाळीला’ असे तिने विचारले नाही. मग म्हणाली, “नाही रे. तू झोपलास, पण मी बघत होते. पाऊण तास झाला तरी विझला नाही. सगळे खोळंबले होते, म्हणून शेवटी तशीच ठेवली.”

मग मी बाबांना फोनवर घेतले. त्या काळी आमच्या टीव्हीला काट्याचा स्टॅबिलायझर होता. बाबा म्हणाले, “दिवाळीत बागांचे आणि गव्हाचे पंप सुरू होत. सायंकाळी काटा १८० च्या वर जायचाच नाही. ट्यूबलाईट नुसती लुकलुकायची.”

हिशेब अगदी साधा होता. २३० व्होल्टला १२०० वॅट देणारी तार १८० व्होल्टला ७३५ वॅटच देते. दाब पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक उतरला, पण उष्णता शंभरातली जवळजवळ चाळीस टक्के गेली. पत्र्याच्या पातळ पेटीतून जेवढी उष्णता आत येत होती, तेवढीच बाहेर जात असणार. मग १८० अंश यावेत कुठून? भट्टी कडक तापलेली असेल, तर तूप वितळून पसरायच्या आत पिठाची बाजू धरली जाते आणि गोळा जागच्या जागी फुगून तडकतो. ताव मंद असला, की तूप आधी सुटते आणि पीठ त्याच्यामागे वाहत जाते. नानखटाईचा तो तांबूस रंग आणि खमंग वासही साधारण १४० अंशांच्या पुढेच नीट धरतो. ज्या रासायनिक क्रियेने तो येतो तिचे वर्णन मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. आईच्या हाताचा यात कुठेही संबंध नव्हता.

२०२४ च्या दिवाळीत घरी गेलो तो मित्राकडून मागून घेतलेला मल्टिमीटर घेऊनच. माळ्यावर चढलो, घंगाळ बाजूला सारले आणि ओव्हन खाली काढला. वायर बदलली, कांड्या पुसल्या. आई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटले, “पहाटे करू या. पहाटे दाब चांगला असतो.”

आई म्हणाली, “नाही. तेव्हा सायंकाळी केली होती, आताही सायंकाळीच करीन.”

धनत्रयोदशीच्या सायंकाळी मल्टिमीटरने २१४ दाखवले. आमच्या भागात आता शेतातली आणि गावातली लाईन वेगळी झाली आहे. म्हणजे हजारावर वॅट मिळणार होते. आईने पीठ मळले. माप विचारले तर म्हणाली, “तेच. त्या दिवशीचंच.” मी पाट घेऊन ओव्हनसमोर बसलो. एकोणीस वर्षांचा घोडा मी, पण छातीत धडधडत होते. या खेपेला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता.

बाराव्या मिनिटाला दिवा विझला.

“आई, विझला!” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की आजी जपमाळ घेऊन स्वयंपाकघरात आली. ताट आत गेले. काचेतून आम्ही तिघे बघत होतो. गोळे हळूहळू फुगले, त्यांच्या माथ्यावर बारीक तडे गेले आणि कडा तांबूस झाल्या. मधूनच दिवा लागे आणि विझे. वीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा चोवीसच्या चोवीस नानखटाया एकमेकींपासून अंतर राखून बसल्या होत्या.

आजीने एक हातात घेतली, फुंकून तोंडात टाकली, हिरड्यांनी विरघळवली आणि निकाल दिला, “भट्टीची सर नाई.”

आई काही बोलली नाही. ती ताट घासायला बसली. ते घासून झाल्यावरही ती बराच वेळ घासत होती. मी आजीला व्होल्ट आणि वॅट समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे लाईनच कमी होती?” मी म्हटले, “हो.” ती गप्प झाली. पण पाडव्याच्या सकाळी शेजारच्या त्याच काकू फराळाला आल्या, तेव्हा डबा आजीनेच पुढे केला. “घ्या व,” ती म्हणाली, “आमच्या सुनेनं घरीच केली.” बस्स, एवढेच. चौदा वर्षांच्या त्या विनोदाचे विसर्जन एवढ्यावर झाले. आता ओव्हन ओट्यावर असतो. त्यात पाव भाजतात, शेंगदाणे भाजतात, आणि संत्र्यांच्या दिवसांत आई सालीचा वरचा केशरी कीस घालून बिस्किटे करते.

मित्रहो, भौतिकशास्त्रात मी अजूनही पहिला येत नाही. पण पन्नासपैकी अकरा मिळाले तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हते असे नाही. येणारी भाषाच माझ्यापर्यंत कमी दाबाने येत होती. दुसऱ्या वर्षी ती थोडी वाढली, आणि माझाही दिवा जरा उशिरा का होईना, विझू लागला. आपल्या वर्गातही मागच्या बाकावर असे कुणीतरी बसलेले असते. घरी तर असतेच असते. त्याच्या हाताला चव नाही, असे म्हणण्यापूर्वी एकदा मीटर लावून बघावे. आईच्या बाबतीत तो लावायला आम्हांला चौदा वर्षे लागली. लावला असता, तर पाच मिनिटांचे काम होते.