आधीची मालकीण

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुने लोक सांगून गेले आहेत. यातले लग्न मी पस्तीस वर्षांपूर्वी करून पाहिले. त्याविषयी काही लिहावे, तर हा अंक आमच्या घरीही वाचला जातो. राहिले होते घर. शाळेतून निवृत्त झालो, फंडाचे पैसे हाती आले आणि सोलापूरबाहेर बार्शी रस्त्याच्या बाजूला घेऊन ठेवलेल्या दोन गुंठ्यांवर तीही हौस फेडून घ्यावी असे ठरवले.

हे दोन गुंठे घेतले तेव्हा मित्रांनी मला वेड्यात काढले होते. कारण होते माळढोक. १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर जिल्हा मिळून नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात माळ आले तशी गावेही आली, शेते आली, रस्ते आले. त्या हद्दीत जमिनीचा व्यवहार करायचा किंवा चार भिंती उभ्या करायच्या म्हटले, की कुठल्या तरी टेबलावर माळढोक आडवा येई. मी तो पक्षी जन्मात पाहिला नव्हता. चांगला पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, एवढे वाचून ठाऊक. पण उसने पैसे बुडवणाऱ्या नातेवाइकाबद्दल वाटावा तसा राग मला त्याच्याबद्दल वाटे. २०१२ साली हद्द कमी होऊन ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. माझा तुकडा सुटला आणि मी आळीत पेढे वाटले. आता तो पक्षी देशभरात दीडशेच्या आसपासच उरला आहे आणि बहुतेक राजस्थानात आहे असे सांगतात. नान्नजला एखादा दिसला, तर त्याची बातमी होते. पेढे वाटताना हे काही माझ्या मनात नव्हते.

आईला मात्र ही जागा पहिल्यापासून पसंत नव्हती. तिचे वय चौऱ्याऐंशी. तिचे सारे आयुष्य गावच्या धाब्याच्या घरात गेलेले. जाड भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर चोपून बसवलेली पांढरी माती. ती जागा पाहायला आली, मूठभर ढेकूळ उचलून चुरगाळले आणि म्हणाली, "अरे, ही तर काळी. काळीत पेरतात. राहायचं असतं ते पांढरीत."

तिचे म्हणणे पायाच्या वेळी पटले. आमच्याकडची ही काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते, की हात आत जावा. आणि पाऊस पडला, की पाणी पिऊन फुगते. तिच्यावर भिंत उभी करणे म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर समई ठेवण्यासारखे आहे. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचे. इंजिनिअरने चार फूट धरले होते; मुरूम लागला सातव्या फुटाला. माझ्या फंडाचा पहिला लचका त्या खड्ड्यांनी तोडला. मग खडी आली, क्रश सँड आली, सळई आली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे ज्ञान मला साठीनंतर झाले. आणि ट्रकमधला ब्रास जमिनीवर ओतला, की थोडा आकसतो, हेही त्याच सुमारास कळले.

आमचे मिस्त्री विजयपूरकडचे. मराठी बोलत, पण चाल कानडी. माणूस कामाला चोख, वाराला कच्चा. "सोमवारी येतो बघा सर," म्हणाले, की कुठला सोमवार हे विचारून घ्यावे लागे. तरी चैत्र संपता संपता चौथरा झाला, आत मुरूम भरून धुम्मस मारून झाला आणि स्लॅबपर्यंतचे कॉलम भरले. कॉलमला गोणपाट गुंडाळून मिस्त्री म्हणाले, "आता आठ दिवस नुसतं पाणी मारायचं सर. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात, पण आपण सेंट्रिंगचं काम आधीच धरू."

आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या बाजूने पाइप धरून कॉलम भिजवत होतो. शहरातसुद्धा नळाला दिवसाआड पाणी आले तर नशीब. इथे सगळे टँकरचे. कुठे तरी एक टिटवी सारखी ओरडत होती. माळावर टिटव्या ओरडायच्याच, म्हणून मी लक्ष दिले नाही.

नवव्या दिवशी मिस्त्री बल्ल्या घेऊन चौथऱ्यावर चढले आणि डोके धरून खाली उतरले. टिटवी त्यांच्या पागोट्यावर झडप घालत होती. मी वर जाऊन पाहिले. मधल्या खोलीत, नकाशात जिथे देवघर लिहिले होते नेमके तिथे, मुरमाच्या खळग्यात चार अंडी होती. रंग मुरमाचाच, वर काळे ठिपके. एक पाऊल पुढे टाकले असते तर दिसलीही नसती.

मिस्त्री म्हणाले, "उचलून बांधावर ठेवू की ओ सर. पाखराला काय कळतंय?"

वनखात्यात नोकरी केलेल्या एका परिचितांना मी फोन केला. ते म्हणाले, "तसं करू नका. जागा हलवली, की टिटवी अंडी सोडून देण्याचाच संभव. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. त्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंही येतं." म्हणजे मी, उभ्या जन्मात झुरळ मारायलाही बायकोला हाक मारणारा माणूस, शिकारी ठरणार होतो! पिल्ले निघायला किती दिवस? "साधारण २८," ते म्हणाले.

मी हिशेब मांडला. मिस्त्रीची माणसे दुसऱ्या कामावर जाणार. सेंट्रिंगच्या फळ्यांचे भाडे चालू राहणार. स्लॅब पावसाच्या तोंडावर येणार. भाड्याच्या घरात आणखी दोन महिने. आणि आई? तिला नव्या घरात न्यायचे हे मी चार वर्षे सांगत होतो. त्या उन्हाळ्यात तिला जिना चढताना दोनदा बसावे लागत होते.

कबूल करतो, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी एक घमेले घेऊन तिथे गेलो. कोणाला सांगितले नव्हते. रात्री कोणा कुत्र्याने अंडी नेली, असे सांगता आले असते. टिटवी उठली, आरडाओरडा करीत एक पंख मोडल्यासारखा ओढत दूर पळू लागली. मी तिच्यामागे जावे म्हणून. मी गेलो नाही. वाकलो आणि एका अंड्यावर हात ठेवला. ते गरम होते. मी हात काढून घेतला आणि घमेले उलटे घालून त्यावर बसून राहिलो. त्यामागे कायदा नव्हता आणि दयाही नव्हती. एवढेच वाटले, की इथे कोणी तरी आधीच राहते आहे.

मिस्त्रींना सांगितले, की काम थांबवा. ते रागावले, हिशेब करून पैसे घेऊन गेले. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, माळढोकाला शिव्या देत होतात ना? घ्या आता." मी अंड्यांभोवती दगडांचे कडे केले आणि पाणी मारण्याचे माझे काम चालू ठेवले.

वैशाखात पारा ४३ वर गेला. एका दुपारी मिस्त्री उरलेल्या पैशांसाठी आले आणि आम्ही दोघे चौथऱ्याच्या सावलीला बसलो होतो. टिटवी उठली, कॉलमखाली साचलेल्या डबक्यात जाऊन उभी राहिली, पोटाची पिसे चांगली भिजवली आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ती पण पाणीच मारायलीय की ओ सर!" त्या दिवशी त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. जाताना माझा पाइप घेऊन ते डबके तेवढे भरून गेले.

पिल्ले निघाली ती मी पाहिली नाही. एका सकाळी गेलो तर खळग्यात कवचाचे दोन तुकडे होते आणि चार लोकरीचे गोळे लांब पायांवर आईमागून चौथऱ्याच्या कडेपर्यंत गेले होते. मी फळी तिरपी लावून दिली. तासाभरात ती सगळी शेजारच्या माळात दिसेनाशी झाली. टिटवीची पिल्ले घरट्यात राहत नाहीत. जन्मली, की चालू लागतात.

पुढे व्हायचे ते झालेच. स्लॅब पडायच्या आधी पाऊस आला, फळ्यांचे भाडे वाढले, गिलावा दमट राहिला आणि एका भिंतीचा रंग अजून धरत नाही. पण आईने वास्तुशांतीला स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडला. रात्री टिटवी ओरडली, की पूर्वी ती 'अशुभ' म्हणून देवाचे नाव घेई. आता ती फक्त विचारते, "कुठून ओरडली रे? लांबून का जवळून?"

जवळूनच ओरडते. पण शेजारच्या माळात गेल्या आठवड्यात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. प्लॉट पाडले आहेत. पुढच्या चैत्रात तिथे खडी येईल, मुरूम भरला जाईल. तो नवा मालक कोण असेल मला ठाऊक नाही. पण त्याच्या चौथऱ्यावरून टिटवी उठली, तर त्याला बोलावून चहा द्यायचा, घमेले उलटे घालून बसायला द्यायचे आणि एवढेच सांगायचे असे मी ठरवून ठेवले आहे, की काँक्रीटलाही २८ दिवस लागतातच.